दत्तक लेकीला घेऊन परतताना अडकलो आहोत. अनुभव आणि सल्ला हवा आहे

रानजाई

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचक म्हणून आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. घरातली सगळी माणसं "होईल गं नीट" एवढंच म्हणतात आणि मला आता त्यापेक्षा जास्त काहीतरी हवं आहे.

आम्ही दोघं न्यू जर्सीत असतो. दोघांचे पासपोर्ट अमेरिकी, आणि भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतात ती ओसीआय कार्डं आहेत. मराठवाड्यातल्या एका संस्थेतली मुलगी आम्ही दत्तक घेतली. तिला या पावसाळ्यात तीन वर्षं होतील. कारा म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरण, त्यांची एनओसी आली, जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश झाला, जन्मदाखल्यावर आमची नावं लागली, तिचा भारतीय पासपोर्ट आला, परदेशी दत्तकासाठीच्या हेग या आंतरराष्ट्रीय करारानुसार लागणारं कन्फर्मिटी सर्टिफिकेटही आलं. म्हणजे कायद्याने ती आमची मुलगी आहे. राहिलं होतं ते व्हिसासाठीचं मेडिकल आणि दिल्लीच्या दूतावासातली मुलाखत. परतीची तिकिटं त्याच हिशोबाने काढली होती.

मेडिकलमध्ये टीबीची रक्ततपासणी, इग्रा म्हणतात ती, पॉझिटिव्ह आली. मग एक्स-रे काढला, त्यात छातीत उजवीकडे काहीतरी दिसतंय म्हणाले. आता लागोपाठ तीन सकाळी नमुने घेऊन कल्चरला, म्हणजे जंतू वाढतो का ते बघायला, पाठवायचे आणि निकालाला ८ आठवडे. तोवर मेडिकल रिपोर्ट पूर्ण होत नाही, तो नाही म्हणून व्हिसा नाही.

ती खेळते, वरणभात खाते, झोपते. खोकला मात्र आहे. नवऱ्याची रजा संपत आली आहे. मी तिला घेऊन पुण्यात आईकडे आहे. त्याने परत जावं का? तिकिटांचं काय करायचं? आणि सगळ्यात मोठं म्हणजे, तिला रोज "आपण विमानात बसणार, आपल्या घरी जाणार" असं सांगत होतो, आता काय सांगायचं? ज्यांनी असं काही काढलं आहे त्यांनी कृपया लिहा.

पारवा

अरे बापरे. वाचून पोटात तुटलं. लेकीला खूप आशीर्वाद. जाणकार येतीलच.

सागरगोटा

रानजाई, मी बालरोगतज्ज्ञ आहे. तुमच्या मुलीला मी तपासलेलं नाही, त्यामुळे फक्त सर्वसाधारण माहिती लिहितो.

आधी हे की इग्रा पॉझिटिव्ह म्हणजे टीबीचा आजार झाला असं नव्हे. कधीतरी जंतूंशी संबंध आला आणि शरीराने त्याची नोंद ठेवली, एवढंच त्यातून कळतं. आपल्याकडे सगळ्या बाळांना बीसीजी देतात. जुन्या कातडीवरच्या चाचणीत त्या लसीमुळे घोटाळा व्हायचा, इग्रात तो होत नाही. अमेरिकेच्या नियमांत भारतासारख्या देशांतून येणाऱ्या २ ते १४ वर्षांच्या मुलांना ही तपासणी करावीच लागते. एक्स-रे स्वच्छ आणि लक्षणं काही नाहीत, तर बहुतेक मुलं तिथूनच पुढे जातात. तुमच्या बाबतीत एक्स-रे शंकास्पद म्हणून कल्चर आलं. लहान मुलांच्या छातीचा एक्स-रे वाचणं अवघड असतं. जुना न्यूमोनिया, नीट न घेतलेला श्वास, यानेही सावली दिसते.

कल्चरला वेळ लागतो कारण टीबीचा जंतू फार सावकाश वाढतो. कुणाच्या ओळखीने, चिठ्ठीने त्याचा वेग वाढत नाही. त्यामुळे त्या बाबतीत धावपळ करू नका.

दोन गोष्टी मात्र नक्की करा. बाहेरच्या कुठल्या डॉक्टरांनी "कशाला थांबता, औषधं सुरू करू" म्हटलं तर पॅनेलच्या, म्हणजे दूतावासाने मेडिकलसाठी नेमलेल्या, डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. नमुने घेण्याआधी औषध पोटात गेलं तर कल्चरचा अर्थ लावणं कठीण होतं आणि प्रकरण आणखी लांबतं. आणि दुसरं, सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या सूचनांमध्ये १० वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सवलत आहे: सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी निगेटिव्ह असेल, एक्स-रेत पोकळी किंवा मोठा पसारा नसेल, जोरदार कफाचा खोकला नसेल, औषधांना न जुमानणाऱ्या टीबीच्या रुग्णाशी संपर्क आलेला नसेल, तर कल्चरचा निकाल यायच्या आधीही प्रवासाला परवानगी मिळू शकते. ती तुमच्या मुलीला लागू होते का हे पॅनेल डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत, शक्यतो लेखी विचारा.

रानजाई

सागरगोटा, ही सवलत आम्हाला कुणी सांगितलीच नव्हती. आजच मेल करते.

कोयनाकाठ

आम्ही २०२० मध्ये अडकलो होतो. सातारा जिल्ह्यातल्या संस्थेतून मुलगा घेतला, कागद होत आले आणि २३ मार्चपासून आंतरराष्ट्रीय विमानं बंद. दोन दिवसांनी देशांतर्गतही बंद. बायकोच्या मावशीकडे कराडला राहिलो. चार दिवसांसाठी म्हणून गेलेलो आम्ही, त्या घरात आंब्याचा मोसम संपेपर्यंत होतो. मे महिन्यात अडकलेल्यांसाठी वंदे भारतची विमानं सुरू झाली तेव्हा रोज यादी बघायची आणि दिल्लीला जायचं कसं, याचा विचार करायचा.

त्या काळात माझा सगळा जीव तारखेत अडकला होता. बायको मात्र पहिल्या आठवड्यातच म्हणाली, की तारीख आपल्या हातात नाही, दिवस आहे. तिने घराचं वेळापत्रक लावलं. सकाळी विहिरीवर, मग अंघोळ, मग भाकरी थापताना पोरगं शेजारी पिठात हात घालून बसलेलं, दुपारी झोप, संध्याकाळी गोठा. रोज तेच. संस्थेत मुलांचा दिवस घड्याळाने चालतो, अचानक सगळं मोकळं सोडलं की ती बावरतात. ठरलेल्या वेळापत्रकात आमचा मुलगा शांत झाला. आज मागे वळून बघताना मला वाटतं, त्याला अमेरिकेत नेऊन लगेच डे केअरला घातलं असतं तर त्याला आम्ही कळायला फार वेळ लागला असता. कराडला त्याला दिवसभर आई आणि बाबा दोघंही मिळाले.

तुमच्याकडे आईचं घर आहे, पुणं आहे, हॉस्पिटल जवळ आहे. तिकडे नवऱ्याची सोय झाली तर तुम्ही हे निभावून न्याल.

माळरान

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. ८ आठवडे दोघांनी किंवा एकाने तरी नोकरी सोडून इथे बसण्यापेक्षा मुलीला संस्थेत परत ठेवून जावं आणि निकाल आल्यावर येऊन न्यावं. ती तिथे सरावलेली आहे, माणसं ओळखीची आहेत. पैसे आणि रजा दोन्ही वाचेल. इतका काळ तिथे राहिलीच आहे ना?

पायवाट

माळरान, तुम्ही व्यवहाराच्या बाजूने बोलताय हे समजतं, पण याला माझा ठाम विरोध आहे. मी पुण्यात दत्तक संस्थेत समाजसेविका म्हणून काम केलं आहे, आता निवृत्त आहे.

तीन वर्षांचं मूल संस्थेतून बाहेर पडतं तेव्हा ते आधीच सगळं एकदा सोडून आलेलं असतं. तिथल्या मावशी, शेजारच्या पाळण्यातली मैत्रीण, रात्रभर चालू राहणारा दिवा, ताटलीचा आवाज. ते सोडताना तिला सांगितलेलं असतं की ही तुझी आई, हे तुझे बाबा, हे आता कायमचे. परत नेऊन ठेवलं तर तिच्या लेखी त्या "कायमचे" शब्दाला अर्थ उरत नाही. पुन्हा न्यायला याल तेव्हा ती हसत येईलही, पण आतून धरून बसेल. अशी परत आलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना पुन्हा विश्वास ठेवायला फार काळ गेला.

कायद्याची बाजूही आहे. आदेश झाल्यावर ती तुमची मुलगी आहे, संस्थेची नाही. रानजाई, तू तिथे राहते आहेस हे योग्यच आहे.

आता तुझ्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल. या वयात मुलांना "८ आठवडे" कळत नाहीत आणि "उद्या" तर अजिबात वापरू नकोस. तिला जे दिसतं तेवढंच सांग. "विमान अजून तयार नाही. तोवर आपण आजीकडे. आई तुझ्याजवळच." रोज झोपताना हीच तीन वाक्यं, त्याच क्रमाने. बाबा गेले तर जाताना लपून जाऊ नयेत. तिच्या डोळ्यांदेखत बॅग भरावी, तिच्याकडून एखादा मोजा बॅगेत टाकून घ्यावा, निरोप घेऊन जावं. रडेल. रडू दे. लपून गेलेल्या माणसाची मुलं रात्रभर वाट बघतात.

आणखी एक. माहेरी आहेस म्हणजे मावश्या, माम्या, शेजारणी रोज बघायला येणार. प्रत्येकीच्या कडेवर तिला जाऊ देऊ नकोस. सुरुवातीचे काही आठवडे भरवणं, अंघोळ, झोपवणं हे फक्त तू कर. आईला वाईट वाटेल, तिला समजावून सांग. संस्थेतून आलेलं मूल कुणाकडेही पटकन जातं, लोकांना ते कौतुकाचं वाटतं. खरं तर अजून तिला आपलं माणूस कोण हे ठरवता आलेलं नसतं.

रानजाई

पायवाटताई, तुमचं सगळं वहीत उतरवून घेतलं. आईलाही वाचून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "बरं, मी नुसती गोष्टी सांगेन."

पॅनेल डॉक्टरांचं उत्तर आलं. सवलत आहे, पण तिचा खोकला कफाचा आणि जोरात असल्यामुळे ती तिला आत्ता देता येणार नाही. कल्चरपर्यंत थांबायचं. निदान आता कारण कळलं आहे, त्यामुळे मन थोडं स्थिर आहे. नमुन्यांसाठी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढतात, तेही उपाशीपोटी. लहान मुलं थुंकी काढून देऊ शकत नाहीत म्हणून. त्या सकाळी फार कठीण जाणार आहेत.

सागरगोटा

हो, आई-वडिलांना बघायला त्रास होतो. पण काही मिनिटांत होतं. तुम्ही जवळ उभ्या राहा, हात धरा, आणि "काही नाही होत" असं म्हणू नका, कारण होतं. "दुखतंय, आई इथेच आहे, आता संपेल" असं म्हणा. संपल्यावर लगेच तिच्या आवडीचं खायला द्या.

डोंगरवाट

तिकिटांबद्दल मी लिहितो, कारण त्यात आमचं बरंच शिक्षण झालं. मुलगी दोन वर्षांच्या वर आहे म्हणजे तिचं स्वतंत्र सीट असणार, तो प्रश्न नाही. पण हा धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: दोन वर्षांखालच्या बाळाचं मांडीवरचं तिकीट प्रवासाच्या दिवशीच्या वयावर ठरतं. तारीख पुढे ढकलली आणि मधे दुसरा वाढदिवस आला तर ते तिकीट चालत नाही, पूर्ण सीट घ्यावी लागते. तसंच टीबीच्या तपासणीचं. बाळ दोन वर्षांचं झालं की इग्रा सक्तीची. म्हणजे वाढदिवसाजवळ आलेल्या बाळाचं मेडिकल लांबलं तर प्रवास आणि तपासणी दोन्ही बदलतात.

तिकीट काढतानाच तारीख बदलण्याची मुभा असलेलं घ्यावं, ते महाग दिसलं तरी. आणि परतीचं तिकीट व्हिसा हातात आल्यावरच. दत्तक घेणाऱ्या कुटुंबांना काही विमान कंपन्या फोनवर विचारलं तर तारीख बदलायला सवलत देतात, संकेतस्थळावर ते दिसत नाही. दत्तक आदेशाची प्रत मेल करायची तयारी ठेवून फोन करा.

तिचा पासपोर्ट भारतीय, तुमचे अमेरिकी. मधल्या कुठल्या विमानतळावर थांबणार असाल तर तिथले ट्रान्झिटचे नियम तिच्या पासपोर्टप्रमाणे बघा, तुमच्या नाही. शक्य असेल तर मुंबईहून किंवा दिल्लीहून थेट विमान घ्या. मधल्या शहरात विमान चुकलं आणि रात्रीची वेळ आली तर तिला विमानतळाबाहेरच्या हॉटेलात जाता येईल की नाही हाही प्रश्न उरतो.

हिरवाचुडा

नावाचं पण बघा!! आमच्या मुलाच्या पासपोर्टवर आडनावाची ओळ कोरी राहिली होती, सगळं एकाच ओळीत. अमेरिकी व्हिसावर मग ते पूर्ण नाव आडनाव म्हणून आलं आणि नावाच्या जागी एफएनयू, म्हणजे फर्स्ट नेम अननोन. तिकिटावरचं नाव व्हिसाशी जुळवण्यात आख्खा दिवस गेला. पासपोर्टचा अर्ज भरतानाच नाव आणि आडनाव वेगळं लिहा.

रानजाई

आत्ता उठून बघितलं. आडनाव वेगळ्या ओळीत आहे. हुश्श.

दूरदेशी

सॅन होजेहून. माझ्या मैत्रिणीचं कुटुंब जुलै २०१४ मध्ये दिल्लीत होतं. अमेरिकी व्हिसा छापणारी मध्यवर्ती संगणकयंत्रणाच बिघडली, जगभरचे व्हिसे तुंबले. जून २०१५ मध्ये पुन्हा तसंच झालं. मुलाखत झाली, सगळं मंजूर, आणि व्हिसा छापूनच निघेना. त्यांनी त्या आठवड्यात दूतावासाला एक छोटा, मुद्द्याचा मेल लिहिला: प्रकरणाचा क्रमांक, मुलाचं वय, कुठे राहतोय, वैद्यकीय गरज काय, तिकीट कधीचं. दत्तक मुलांची प्रकरणं प्राधान्याने घेतली जात होती आणि त्यांचं काम पुढे सरकलं. रागाचा लांबलचक मेल लिहू नका एवढंच सांगते, वाचणाऱ्याला दोन ओळींत सगळं कळलं पाहिजे.

नवऱ्याच्या रजेबद्दल: अमेरिकेतल्या एफएमएलए या कौटुंबिक रजेच्या कायद्यात दत्तकासाठी १२ आठवड्यांची बिनपगारी रजा आहे, नोकरी सुरक्षित राहते. ५० किंवा जास्त माणसं असलेली कंपनी आणि तिथे वर्षभर केलेली नोकरी, अशा अटी आहेत. दत्तक पूर्ण करायला परदेशात जावं लागलं तर तो काळही त्यात धरता येतो. बऱ्याच जणांना वाटतं की ती फक्त बाळंतपणासाठी आहे. एचआरला आजच विचारायला सांगा.

आणि सगळ्या पावत्या जपून ठेवा. हॉटेल, जेवण, विमान, रेल्वे. दत्तकासाठीच्या करसवलतीत प्रवास आणि राहण्याचा खर्च धरता येतो. २०२५ सालासाठी ती एका मुलामागे १७,२८० डॉलरपर्यंत होती.

रानजाई

दूरदेशी, रजेबद्दल कळल्यावर नवऱ्याने फोन केला. त्याची काही रजा आधीच वापरली गेली आहे, पण उरलेली तुकड्यांत घेता येईल असं म्हणाले. ठरलं असं की आता तो जाईल आणि निकालाच्या सुमारास परत येईल. तो गेल्यावर कुठल्याही कागदावर त्याची सही लागली तर?

पायवाट

जाण्याआधी त्याच्याकडून मुखत्यारपत्र आणि मुलीला घेऊन एकटीने प्रवास करायचं संमतीपत्र करून घे, नोटरीसमोर. मूळ प्रत तुझ्याकडे, स्कॅन दोघांच्या फोनमध्ये. तिकडे गेल्यावर करायची वेळ आली तर अमेरिकेत नोटरी, मग अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का, मग कुरियर, आणि त्यात आठवडे जातात.

दुबईस्थित

आमचा किस्सा वेगळा, पण अडकणं तेच. १६ एप्रिल २०२४ ला दुबईत जो पाऊस झाला त्याने विमानतळच पाण्याखाली गेला. आम्ही त्या रात्री मुंबईच्या विमानतळावर होतो, नऊ महिन्यांच्या मुलीला घेऊन. सामान आत गेलेलं, विमान आधी उशिरा, मग रद्द. तिच्या यूएई प्रवेश परवान्याची मुदत जवळ आलेली. सामान परत मिळायला दुसरा दिवस उजाडला.

त्या रात्री उपयोगी पडलं ते हातातल्या पिशवीतलं सामान: दुधाची पावडर, उकळलेल्या पाण्याचा थर्मास, ओआरएस, तापाचं औषध, कपड्यांचे जोड, आणि संस्थेतून मिळालेली गोधडी. गोधडी बायकोने धुतली नव्हती मुद्दाम, तो वास मुलीला ओळखीचा होता म्हणून. विमानतळाच्या त्या पांढऱ्या दिव्यांत आणि गोंगाटात ती फक्त त्या गोधडीत झोपली. कागदपत्रांची फाइलही हातातच. दत्तक आदेश, जन्मदाखला, एनओसी. विमानतळावर विचारलं गेलं की मुलीचं आणि तुमचं नातं काय, तेव्हा लगेच दाखवता आलं.

नीलमोहर

गेल्या डिसेंबरात देशांतर्गत विमानं धडाधड रद्द झाली तेव्हा माझ्या बहिणीची दिल्लीची व्हिसा मुलाखत तोंडावर होती. पुणे विमानतळावर नुसती गर्दी, कुणी काही सांगत नव्हतं. तिने तिथे ताटकळत बसायचं नाही ठरवलं आणि पुण्याहून दिल्लीला जाणाऱ्या झेलम एक्सप्रेसची तत्काळ तिकिटं काढली. एसीचं तत्काळ सकाळी १० ला उघडतं, भावाने घरी बसून काढलं. एक रात्र आणि दुसरा अख्खा दिवस. चार वर्षांच्या मुलाला गाडीतून मनमाड, भुसावळ, मग नर्मदा, मग चंबळ दिसली. मुलाखतीच्या आदल्या रात्री पोचले. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण वेगळा बर्थ हवा असेल तर घ्यावाच, रात्री फार सोपं जातं.

माझं म्हणणं असं की मुलाखतीला जाताना आधीचा एक दिवस हातात ठेवा आणि परतीचं त्याच दिवशीचं तिकीट काढू नका. दिल्लीत हिवाळ्यात धुक्याने विमानं आणि गाड्या दोन्ही लांबतात.

कोयनाकाठ

+१. आणि पासपोर्ट परदेशी असेल तर लॉज आधी फोन करून ठरवा. परदेशी पाहुण्याची माहिती सरकारकडे कळवावी लागते (पूर्वीचा फॉर्म सी), लहान गावांतले लॉज त्या कटकटीमुळे खोली देत नाहीत. आम्हाला तालुक्याच्या गावी रात्री दोन ठिकाणी नाही म्हणाले. ओसीआय असलं तरी पासपोर्ट अमेरिकीच असतो.

माळरान

पायवाट, तुमचं वाचलं. मी फक्त रजेचा हिशोब करत होतो. मुलीच्या बाजूने विचार केला तर तुम्ही म्हणता ते पटतं.

दूरदेशी

जाता जाता एक सांगावंसं वाटतं, कारण माझ्या ऑफिसातल्या सहकाऱ्याने हे भोगलं. सप्टेंबर २०१३ मध्ये काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकाने दत्तक मुलांना देश सोडायची परवानगी देणं थांबवलं. न्यायालयाचा आदेश हातात, मूल कायद्याने आपलं, पण विमानात बसवता येत नाही. काही आया तिथेच किन्शासात घर घेऊन राहिल्या. २०१६ च्या सुरुवातीला ती मुलं बाहेर पडायला लागली. चीनने २०२० मध्ये महामारीत मुलं सुपूर्द करणं थांबवलं आणि २०२४ मध्ये परदेशी दत्तक कार्यक्रमच बंद केला. जुळणी झालेली, फोटो भिंतीवर लागलेले, खोली सजवलेली आणि मूल आलंच नाही, अशी घरं आहेत. हे सांगून तुमचं दुःख छोटं करायचं नाही. तुमची मुलगी तुमच्या कुशीत झोपते आहे, आणि त्या घरांतल्या लोकांनी मागितलं असतं ते एवढंच होतं.

रानजाई

दूरदेशी, हे वाचून रडले. तिला जवळ घेऊन बसले बराच वेळ.

नमुने झाले. तिन्ही सकाळी ती खूप रडली, आणि तिसऱ्या दिवशी नळी निघाल्यावर माझ्या गळ्यात हात टाकून "आई, घरी" म्हणाली. घरी म्हणजे आजीकडे. तिने पहिल्यांदा मला स्वतःहून हाक मारली.

बाबा गेला. पायवाटताईंनी सांगितलं तसं त्याने तिच्यासमोर बॅग भरली. तिने मोज्याऐवजी तिची डाळिंबाच्या चित्राची वाटी टाकली. आता व्हिडिओ कॉलवर तो त्याच वाटीत पोहे खातो, आणि ती हे रोज तपासते.

पायवाट

किती छान! संस्थेतल्या मावशींशी बोलणं होतं का तिचं? याबद्दल आमच्या क्षेत्रातही दोन मतं आहेत. काही जण म्हणतात बोलू देऊ नये, जुन्याची ओढ लागते. माझा अनुभव असा की अधूनमधून, तू शेजारी असताना, थोडं बोललं तर मुलाला कळतं की ती माणसं नाहीशी झाली नाहीत. फोन झाल्यावर ती हट्टी किंवा चिडचिडी झाली तर काही दिवस थांबव.

रानजाई

एकदा केला. मावशी रडल्या, ही हसत होती. रात्री मात्र नीट झोपली नाही. तूर्तास थांबले आहे.

रानजाई

धागा वर आणते आहे. कल्चर निगेटिव्ह आलं!! एक्स-रे पुन्हा काढला, सावली जवळपास गेली आहे. डॉक्टर म्हणाले जुन्या न्यूमोनियाचं असावं. मेडिकल रिपोर्ट गेला. बाबा परत आला, दारात उभा राहिला तर ती आधी माझ्या मागे लपली आणि मग वाटी मागितली. दिल्लीत आदल्या दिवशी पोचलो, मुलाखत सरळ झाली, आयएच-३, म्हणजे भारतातच दत्तक पूर्ण झालेल्या मुलांचा, व्हिसा लागला. मेडिकलची मुदत आणि व्हिसाची मुदत एकमेकांशी बांधलेली असते हे तिथे कळलं, म्हणून तिकिटं लगेच काढली, मुंबईहून थेट. सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. सागरगोटा, तुमच्या पहिल्या प्रतिसादाने मला त्या रात्री झोप लागली होती.

आता तिकडे गेल्यावर काय काय करायचं असतं?

डोंगरवाट

मनापासून अभिनंदन! आयएच-३ वर प्रवेश झाला की ती त्या क्षणी अमेरिकी नागरिक होते, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र टपालाने घरी येतं. पत्ता व्हिसाच्या अर्जात बरोबर दिला आहे ना बघा, घर बदललं असेल तर कळवा. मग तिचा अमेरिकी पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट रीतसर जमा करून सरेंडर सर्टिफिकेट, आणि मग ओसीआय. हा क्रम मोडू नका. पुढच्या वर्षी आजीला भेटायला यायचं असेल तर ओसीआयसाठी वेळ हातात ठेवून सुरुवात करा. आणि तिकडच्या डॉक्टरांना इग्रा, दोन्ही एक्स-रे आणि कल्चरचे कागद द्या. सुप्त, म्हणजे आजार न होता शरीरात दडलेल्या, संसर्गावर औषध द्यायचं का, ते तिथे ठरवतील.

सागरगोटा

हे फार महत्त्वाचं. कल्चर निगेटिव्ह आलं म्हणून इग्राकडे दुर्लक्ष करू नका, इतक्या लहान मुलांत सुप्त संसर्गावर सहसा उपचार देतात. बाकी, फार आनंद झाला.

शेवंती

हा धागा मुद्दाम वाचून काढला. आम्ही मस्कतला आहोत, दोघेही भारतीय पासपोर्टवर. इथे दत्तकाची संस्थाच नाही, तर गृहभेट अहवाल कोण करणार? आणि प्रवासासाठी आत्तापासून काय तयारी ठेवू?

दुबईस्थित

शेवंती, आमचंही तसंच होतं. ओमान आणि यूएई दोन्ही हेगच्या दत्तक करारात नाहीत, त्यामुळे अनिवासी भारतीयांचं काम तिथल्या भारतीय वकिलातीमार्फत होतं. अहवाल त्यांच्याकडून होतो आणि काराच्या संकेतस्थळावर चढतो. दत्तकानंतरचे पाठपुराव्याचे अहवालही त्यांच्याकडूनच जातात, म्हणून तिथल्या अधिकाऱ्यांशी ओळख आणि पत्रव्यवहार नीट ठेवा. प्रवासाच्या बाजूने, बाळाचा पासपोर्ट आल्यावर रेसिडन्सचा प्रवेश परवाना काढावा लागेल, त्याची मुदत थोडी असते. तो हातात आल्याशिवाय विमानाची तारीख धरू नका. तुमच्या पगाराच्या अटीत कुटुंबाचा व्हिसा बसतो का हे कंपनीच्या पीआरओला, म्हणजे व्हिसाची कामं बघणाऱ्याला, आजच विचारून ठेवा. वकिलातीची अपॉइंटमेंट मिळाली की व्यनि (खासगी निरोप) करा, अर्जासोबत आम्ही काय काय जोडलं होतं ते पाठवतो.